गोगलगाय की कोमोडो ड्रॅगन: जास्त विषारी कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोन स्नेल नावाची समुद्रातली गोगलगाय माणसाला मारू शकते म्हणतात, आणि कोमोडो ड्रॅगनही विषारी असतो म्हणतात. मग दोघांत जास्त विषारी कोण? आणि आपल्याकडची घोरपड, आपल्या किनाऱ्यावरचे शंख यांना घाबरायचं का?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: गोगलगाय. आणि फरक एकोणीस-वीसचा नाही.

मी विषांमधल्या पेप्टाइडांवर, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांसारख्या रेणूंवर, काम करते आणि त्यातलं बहुतेक काम कोन स्नेलवरच झालं आहे. तेव्हा ही आपल्याच गोगलगायीला झुकतं माप देणार, असं कुणी म्हणू शकेल. म्हणून ड्रॅगनची बाजूही नीट मांडते. मात्र विष हे त्या प्राण्याचं एकमेव हत्यार आहे की अनेकांतलं एक, हे पाहिल्याशिवाय ही तुलना करण्यात अर्थ नाही. कोन स्नेलकडे विषाशिवाय काहीच नाही. ड्रॅगनला विष नसतं तरी तो उपाशी मेला नसता. दोन्ही विषांत जो काही फरक आहे तो इथून सुरू होतो.

गंमत म्हणजे हे दोघे एकमेकांचे शेजारी आहेत. कोमोडो ड्रॅगन इंडोनेशियात कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आणि जवळच्या एक-दोन छोट्या बेटांवरच उरला आहे. तिथे १९८० साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्या उद्यानाचा मोठा भाग जमीन नाहीच, समुद्र आहे. प्रवाळांनी भरलेला उथळ समुद्र, आणि कोन स्नेलना तोच मानवतो. ड्रॅगन किनाऱ्यावर हिंडतात, पोहतातही. पण गोगलगाय दिवसा वाळूत किंवा प्रवाळाच्या आडोशाला पडून असते आणि रात्री पाण्याखाली शिकारीला निघते. त्यामुळे "दोघांची झुंज झाली तर?" हा पोरांचा आवडता प्रश्न निकालात निघतो. झुंज होणारच नाही.

आधी गोगलगाय. कोन स्नेल म्हणजे शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख पाठीवर वाहणारा मृदुकाय प्राणी. जाती आठशेच्या वर. बहुतेक जाती समुद्री किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि उरलेल्या मासे खातात. गोगलगायीने मासा धरायचा म्हणजे काय, याचा जरा विचार करा. हिला पाय नाहीत, जबडा नाही, पोहता येत नाही. समजा हिने माशाला दंश केला आणि मासा मरायच्या आधी दोन-तीन मीटर पुढे गेला, तर तो हिच्या पोटात जाणार नाही; वाटेत कुणीतरी दुसराच गट्टम करील. म्हणजे मासा मरून उपयोग नाही. तो जागच्या जागी, त्याच क्षणी थिजला पाहिजे. या एका अटीतून हिचं सगळं रसायनशास्त्र घडलं आहे.

हत्यार आहे दात. बाकीच्या गोगलगायींच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत पट्टी असते, तिने त्या शेवाळ खरवडतात. कोन स्नेलच्या पूर्वजांत त्या पट्टीवरच्या एकेका दाताची पोकळ, काटेरी सुई झाली. अशा बऱ्याच सुया एका पिशवीत तयार असतात. शिकारीच्या वेळी एक सुई सोंडेच्या टोकाला येते, तिच्यात विष भरलं जातं आणि दाब एकदम सुटला की ती बाहेर पडते. मासे खाणाऱ्या जातींत हा मारा एका मिलिसेकंदाच्या आत होतो. एक सुई एकदाच वापरायची, पुढच्या वेळी नवी. मासेखाऊ जाती मारल्यानंतरही सुई सोडत नाहीत. तिच्या काट्यात अडकलेला मासा तसाच ओढून तोंडात घेतात.

विष तयार होतं एका नळीत. गोगलगाय उघडली की ही नळी लगेच ओळखू येते: शिजलेल्या शेवईसारखी पांढुरकी-पिवळसर, गुंडाळी होऊन बसलेली आणि उलगडली की गोगलगायीच्याच कितीतरी पट लांब. तिच्या एका टोकाला स्नायूंची जाड गोटी असते. विष पुढे ढकलण्याचं काम तिचं. नळी दाबली की दुधाळ, दाणेदार द्रव येतो. पण त्यासाठी प्राणी मारावा लागतो, म्हणून जिवंत गोगलगायीचं विष काढायची एक युक्ती आहे. छोट्या प्लास्टिकच्या नळीच्या तोंडावर पातळ रबर ताणून बसवायचं, त्यावर माशाच्या शेपटीचा तुकडा ठेवायचा आणि ते गोगलगायीच्या सोंडेसमोर धरायचं. ती मासा समजून सुई मारते, सुई रबरातून आत जाते, विष नळीत उतरतं. सुरुवातीच्या काळात यासाठी चक्क निरोध वापरले गेले. संशोधन संस्थेच्या खरेदी विभागाला त्याचं कारण कुणी कसं पटवून दिलं असेल, देव जाणे.

त्या थेंबात असतं काय? एकेका जातीच्या विषात शंभर-दोनशे वेगवेगळी पेप्टाइडं असतात, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. त्यांना कोनोटॉक्सिन म्हणतात. साखळी लहान, बहुधा दहा ते चाळीस अमिनो आम्लांची, पण गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेली, त्यामुळे तिचा आकार मोडत नाही. प्रत्येकीचं लक्ष्य ठरलेलं असतं. एक चेतातंतूचा सोडियम मार्ग उघडाच ठेवते, एक पोटॅशियम मार्ग बंद करते, एक कॅल्शियमचा रस्ता अडवते, एक स्नायूवरची संदेश घेणारी जागाच बळकावते. फिलिपिन्समध्ये वाढलेले आणि पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात काम केलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या पेप्टाइडांच्या टोळ्या कशा मिळून काम करतात ते उलगडलं. पहिली टोळी दंशाच्या जागी सगळ्या चेतातंतूंना एकाच वेळी पेटवते. विजेचा झटका बसावा तसा मासा ताठ होतो. तेवढ्या वेळात दुसरी टोळी स्नायूंपर्यंत पोचते आणि चेतांचा हुकूम स्नायूला मिळणंच बंद होतं. पहिलीने वेळ मिळवून द्यायचा, दुसरीने काम तडीस न्यायचं.

सर्वांत घातक जात आहे कोनस जिओग्राफस. शंख दहा-पंधरा सेंटिमीटर लांब, पातळ, त्यावर तपकिरी नकाशासारखी नक्षी. हिची पद्धत आणखी वेगळी. ही आपलं तोंड जाळ्यासारखं पसरते, पाण्यात काही द्रव्यं सोडते, आणि गुंगी आल्यासारखे झालेले छोटे मासे त्या तोंडात अलगद शिरतात. सुई मारते ती मागाहून, आतच. २०१५ साली युटाच्या गटाने दाखवलं की हिच्या विषात इन्सुलिन असतं, आणि तेही गोगलगायीचं नव्हे, माशाच्या इन्सुलिनशी जुळणारं. माशाच्या रक्तातली साखर एकदम उतरवायची, म्हणजे त्याला पळायचं बळच उरत नाही. २०२४ मध्ये त्याच विषात आणखी एक पेप्टाइड सापडलं. साखर खाली गेल्यावर शरीर ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक सोडून ती वर आणायला बघतं. हे पेप्टाइड तेच दाबून टाकतं. म्हणजे आधी साखर पाडायची आणि मग ती वर यायची वाटही बंद करायची. मधुमेहाच्या रुग्णाची हायपोची, म्हणजे साखर फार उतरल्याची, अवस्था ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हा डाव किती नेमका आहे ते वेगळं सांगायला नको.

माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट २०१४ साली बाहेर आली. ही गोगलगाय शिकारीसाठी एक विष वापरते आणि बचावासाठी दुसरं, आणि ही दोन्ही त्या एकाच नळीच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतात. आपल्याला लुळं पाडणारी पेप्टाइडं मुख्यतः बचावाच्या विषात आहेत. माणूस हे तिचं भक्ष्य नाही. आपण तिला उचलतो, तिला वाटतं आपल्याला कुणीतरी खायला आलं, आणि मग हे दुसरं विष बाहेर येतं.

आता ड्रॅगन. घोरपडीच्याच वराणस कुळातला हा प्राणी. मोठा नर अडीच-तीन मीटर लांब, वजन सत्तर किलोच्या आसपास, काही त्याहूनही भारी. एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मांस खातो. शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद बरीच उशिरा झाली, १९१२ साली, जावातल्या बाउटनझॉर्ग इथल्या (आजचं बोगोर) संग्रहालयाचे पीटर ओवेन्स यांनी केलेली. मातीत घट्ट रोवलेले पाय, मानेचे जबरदस्त स्नायू, मागे वळलेले करवतीसारखे दात. त्या दातांच्या धारेवर नारिंगी पट्टी दिसते, ती लोहाची. ही गोष्ट २०२४ मध्ये नीट तपासली गेली. कडेवरच्या त्या लोहामुळे धार टिकते. एवढं सगळं असलेल्या प्राण्याला विषाची गरज किती?

बरीच वर्षं उत्तर असं दिलं जायचं की त्याला विष नाही, त्याच्या लाळेत जंतू आहेत. वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९६९-७० च्या सुमारास कोमोडोवर सहकुटुंब राहून या प्राण्याचा अभ्यास केला, आणि जंतूंचा हा सिद्धांत त्यांच्या कामातून सगळीकडे पसरला. चावलेला रेडा काही दिवसांनी रक्तात जंतू पसरून मरतो आणि ड्रॅगन तोवर माग काढत बसतो, असं ते चित्र. आजही निम्म्या व्हिडिओंत तेच ऐकायला मिळतं. माझ्या मते ते निकालात निघालं आहे. २०१३ साली प्राणिसंग्रहालयातल्या ड्रॅगनांच्या तोंडातले जंतू तपासले गेले, तेव्हा कुठल्याही मांसाहारी प्राण्याच्या तोंडात असतात तसेच ते निघाले. शिवाय ड्रॅगन तसा टापटीप प्राणी आहे. खाऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं ओठ चाटत, डोकं पानांवर घासत तोंड साफ करतो. रेडे मरतात त्याचं कारण वेगळं. म्हैसवर्गातले प्राणी त्या बेटांवर माणसाने आणले. जखमी रेडा सवयीप्रमाणे डबक्यात जाऊन बसतो, डबक्यात त्याचंच शेण असतं, आणि पायाची उघडी जखम तिथे सडते. ड्रॅगनचं नेहमीचं भक्ष्य म्हणजे हरिण आणि डुक्कर. ती बरेचदा तिथल्या तिथे, रक्तस्रावानेच मरतात.

विषाचा पुरावा २००९ मध्ये आला. ऑस्ट्रेलियातले ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रॅगनच्या डोक्याचं एमआरआय केलं आणि सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका असाध्य आजारी ड्रॅगनच्या ग्रंथी काढून तपासल्या. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, कप्पे असलेली लांबट ग्रंथी आहे. पण तिच्या नळ्या दातात उघडत नाहीत, दोन दातांच्या मधे उघडतात. म्हणजे नागाच्या दातासारखी आत भरणारी सुई इथे नाही. दातांनी मांस फाटतं आणि त्या फाटलेल्या जागेत विष ओघळतं. त्यातली प्रथिनं दोन कामं करतात: रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब पाडतात आणि रक्त गोठू देत नाहीत. खोल जखम, वाहतं रक्त, उतरलेला रक्तदाब. प्राणी सुन्न होऊन बसतो.

या विषाचा प्रत्यक्ष शिकारीत किती वाटा आहे यावर प्राणिशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काही म्हणतात, एवढ्या जखमेनंतर विष असलं काय नि नसलं काय. मला वाटतं विषाचा वाटा आहे, पण तो मदतनिसाचा. खून दातांचा, विषाची साथ. ड्रॅगन एकमेकांनाही कडाडून चावतात आणि त्यातून वाचतात. २०१९ मध्ये त्यांचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, वाचला गेला, त्यात रक्त गोठवणाऱ्या जनुकांवर नैसर्गिक निवडीचा खास दाब दिसला; भाऊबंदांच्या चाव्यापासून बचाव म्हणून असं झालं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता समोरासमोर ठेवू. गोगलगायीचं विष चेतासंस्थेवर नेम धरतं, ड्रॅगनचं रक्ताभिसरणावर. गोगलगायीचं काम सेकंदांत होतं, ड्रॅगनला घाई नाही. तिची सुई एवढीशी. माणसाच्या त्वचेवर कधी कधी टाचणी टोचल्याएवढी खूण राहते आणि वेदनाही फारशी होत नाही. त्याच्या चाव्याला टाके घालायला शल्यविशारद लागतो. थेंबाला थेंब लावला तर तुलना उरत नाही. ड्रॅगनच्या विषाने, जखम बाजूला ठेवून, निरोगी मोठा माणूस मरेल असं मला वाटत नाही. जिओग्राफसच्या एका दंशाने मरू शकतो.

एका बाबतीत मात्र दोघांचं जमतं. दोघांनीही विष बाहेरून आणलं नाही, घरातलंच वापरलं. इन्सुलिन प्रत्येक प्राण्याच्या अंगात या ना त्या रूपात असतंच. गोगलगायीने त्याची एक प्रत वेगळी काढून शिकारीला लावली. ड्रॅगनच्या विषातली रक्तदाब उतरवणारी प्रथिनंही मुळात शरीरात रोज रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रथिनांच्याच कुळातली. ती जास्त मात्रेत, नको त्या वेळी दिली की त्यांचं विष होतं.

या विषांतून औषधं कशी आली ते इथे सांगायलाच हवं, कारण तोही तुलनेचाच भाग आहे. ऑलिव्हेरांच्या प्रयोगशाळेत क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने विषातला एकेक घटक वेगळा करून उंदराच्या मेंदूत टोचून बघायची कल्पना काढली. एकाने उंदीर झोपायचा, एकाने खाजवायचा, एकाने थरथरायचा. थरथर आणणारं पेप्टाइड मायकेल मॅकिंटॉश या नुकतीच शाळा संपवलेल्या मुलाने कोनस मॅगस या जातीच्या विषातून वेगळं केलं. पंचवीस अमिनो आम्लांची साखळी, वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पुढे नेणारा कॅल्शियम मार्ग बंद करणारी. तेच पुढे झिकोनोटाइड झालं, बाजारात प्रायाल्ट नावाने. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मॉर्फिनसारखी सवय लागत नाही, पण पंपाने थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावं लागतं आणि भ्रम, गोंधळ असे त्रास होऊ शकतात. म्हणून ज्यांचं दुखणं दुसऱ्या कशानेच थांबत नाही त्यांनाच देतात.

त्यानंतर चारच महिन्यांत, एप्रिल २००५ मध्ये, एका सरड्याच्या विषातलं औषध मान्य झालं. हा सरडा ड्रॅगन नव्हे, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन एंग यांना त्याच्या विषात एक्झेंडिन-४ सापडलं होतं, ते १९९२ च्या सुमारास. जेवल्यावर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक येतं आणि इन्सुलिन वाढवतं, पण काही मिनिटांतच मोडून पडतं. सरड्याचं पेप्टाइड तेच काम करतं आणि टिकतं. त्यातून मधुमेहाचं एक्झेनाटाइड आलं. सध्या वजन कमी करायच्या इंजेक्शनांची जी चलती आहे ती "सरड्याच्या विषातून बनतात" असं फिरतंय, ते अर्धसत्य आहे. सेमाग्लुटाइड हे माणसाच्याच संप्रेरकात बदल करून केलेलं आहे. सरड्याने एवढंच दाखवून दिलं की हा रस्ता औषधापर्यंत जातो.

गोगलगायीचं इन्सुलिनही औषधवाल्यांच्या नजरेत आहे. आपलं इन्सुलिन सहा-सहाच्या गटात साठवलं जातं आणि टोचल्यावर ते गट सुटेपर्यंत वेळ जातो. गोगलगायीच्या इन्सुलिनमध्ये गट बांधणारा तुकडाच नाही, म्हणून ते लगेच लागू होतं. भारतातही या क्षेत्रात चांगलं काम झालं आहे: मुंबईच्या टीआयएफआरमधले के. एस. कृष्णन आणि बेंगळुरूच्या आयआयएससीतले पी. बलराम यांच्या गटांनी आपल्या किनाऱ्यावरच्या कोनस अमॅडिससारख्या जातींच्या पेप्टाइडांचा अभ्यास केला.

आता धोका. इथे माझं उत्तर पहिल्यापेक्षा वेगळं आहे. जास्त विषारी गोगलगाय, पण माझ्यासमोर दहा फुटांवर दोघांपैकी एकाला उभं करायचं असेल तर मी गोगलगायीला उभं करीन, डोळे मिटून. ती तुमच्याकडे येत नाही. जगभरातून आजवर तिच्या दंशाच्या जेमतेम दीडशे नोंदी आहेत, त्यांत मृत्यू छत्तीसच्या आसपास, आणि ते जवळजवळ सगळे जिओग्राफसच्या नावावर. बहुतेक माणसं शंख गोळा करणारी. शंख सुंदर दिसतो म्हणून उचलला, हातात किंवा खिशात ठेवला. रम्फियस या निसर्गअभ्यासकाच्या १७०५ मध्ये छापलेल्या ग्रंथात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर एका गुलाम स्त्रीला असाच मृत्यू आल्याची नोंद आहे. १९३५ साली ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एक तरुण असाच शंख हातात धरून वरची साल खरवडत होता. काही तासांत गेला. एका इंग्रजी टोपणनावावरून "दंश झाल्यावर एक सिगारेट ओढण्यापुरता वेळ मिळतो" असं सांगतात, ती अतिशयोक्ती. वेळ बहुधा त्याहून बराच जास्त मिळतो, आणि तो फार मोलाचा असतो.

ड्रॅगन मात्र चालत येतो. उद्यानाच्या आकड्यांनुसार १९७४ ते २०१२ या काळात माणसांवर २४ हल्ले झाले, त्यांत पाच जण गेले. २००७ मध्ये एक आठ वर्षांचा मुलगा, २००९ मध्ये झाडावरून खाली पडलेला एक फळं काढणारा माणूस. तरी त्याच बेटांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि रानात उरलेले ड्रॅगन तीन हजारांच्या आसपास आहेत. २०२१ पासून तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. कुणी कुणाला घाबरायचं, हे आकडेच सांगतात.

उपचारही वेगळे. ड्रॅगनच्या चाव्यात आधी रक्त थांबवायचं, मग जखम धुणं, टाके, प्रतिजैविकं. कोन स्नेलच्या दंशावर प्रतिविष नाही, सर्पदंशाचं तर बिलकुल चालत नाही. दंश झाला, ओठ-जीभ बधिर होऊ लागली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणं अडखळलं, तर ते स्नायू लुळे पडत चालल्याचं लक्षण आहे आणि शेवटचा स्नायू श्वासपटल. जखम कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय क्रेप बँडेजने बोटांपासून वर घट्ट गुंडाळा, फळी लावून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. रुग्ण शुद्धीवर असूनही पापणी उघडता येत नाही असं होऊ शकतं, तेव्हा त्याच्यासमोर "गेला" वगैरे म्हणू नका. विष शरीरातून निघून जाईपर्यंत श्वास चालू ठेवला तर माणूस वाचतो.

राहिला आपला इलाखा. घोरपडीच्या तोंडातही तशा ग्रंथी आहेत, वराणस कुळातल्या प्राण्यांत त्या सापडल्या आहेत. पण आपली घोरपड किडे, अंडी, खेकडे, उंदीर खाते; तिला माणसाशी देणंघेणं नाही, आणि तिच्या चाव्याकडे खोल ओरखड्याची जखम म्हणून बघायचं. साबण-पाण्याने भरपूर धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, जखम खोल असेल तर डॉक्टरला दाखवा. रेबीज सरपटणाऱ्या प्राण्यांकडून होत नाही. आपल्याकडे घोरपडीला खरी भीती माणसाची: तेलासाठी, मांसासाठी तिची शिकार होते, आणि "हत्ताजोडी" म्हणून झाडाचं मूळ सांगून जे विकतात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरात ठेवलेली हत्ताजोडीसुद्धा तुरुंगात नेऊ शकते.

शंखांचं म्हणाल तर कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर कोन स्नेलच्या काही जाती आहेत, बहुतेक लहान आणि किडे खाणाऱ्या. त्यांच्या दंशाने मधमाशी चावल्याइतका त्रास होईल, जिवावर बेतणार नाही. काळजी घ्यायची ती लक्षद्वीप आणि अंदमानला, जिथे जिओग्राफस आणि टेक्स्टाइल या जाती आढळतात. "जाड बाजूने धरलं तर काही होत नाही" हा सल्ला ऐकू नका. सोंड लवचिक असते आणि शंखाच्या बहुतेक भागापर्यंत पोचते. पातळ हातमोजाही सुईला अडवत नाही. शंखाचं तोंड अरुंद फट असतं, आत प्राणी असेल तर बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून पाण्यात दिसलेला शंकूच्या आकाराचा शंख जिवंतच आहे असं धरा. आणि दुकानात कुणी कोनस मिल्नेएडवर्डसी, म्हणजे लांबट, तपकिरी जाळीदार नक्षीचा दुर्मीळ शंख दाखवला, तर तो घेऊ नका. घोरपडीप्रमाणेच त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.